कसर

खळ आज जरा पातळ झाली.
मनवेलने मोरचूद नेहमीएवढाच टाकला होता,
चिमूटभर, दृष्ट काढल्यासारखा,
पण हे गव्हाचं सत्त्व नवं आहे, त्याला अजून वळण नाही.

काळ्या घोड्याच्या अलीकडे, दगडी जिन्याच्या वर माझं टेबल.
त्यावर काच, काचेखाली दिवा,
दिव्यावर सतराव्या शतकातलं एक पान,
पोह्याच्या पापडासारखं. शिंकले तर गेलं.

दुपारी भाच्याचा फोन: मावशी, सहामाहीला हे येणारच,
युरोपीय लोक समुद्रापार का गेले? कारणे लिहा. गुण पाच.
गाइडात चारच आहेत. व्यापार, धर्मप्रसार, साहस, कच्चा माल.
पाचवं तू सांग. तू तर त्यांचेच कागद चिकटवतेस.

म्हटलं, हात ओले आहेत. रात्री सांगते.

पानावर एडमंड थ्रेल. वय एकोणीस, कंपनीचा लेखनिक.
दिवसा वखारीत मिऱ्यांच्या गोणी मोजायच्या,
रात्री आईला पत्र.
जहाज चुकलं, पत्र गेलंच नाही,
म्हणून माझ्यापर्यंत पोचलं.
लिहितो: पाणी मचूळ आहे,
माडांच्या मुळाशी मासळी पुरतात, तिचा वास उशीत शिरतो,
पण दोन वर्षं काढली की जुडिथच्या हुंड्याची सोय होईल
आणि बाबांनी गहाण टाकलेलं उताराचं शेत सुटेल.
देवाचं नाव अगदी शेवटी, कागद उरला म्हणून.

हुंड्याच्या जागी भोक आहे. कसरीने खाल्लाय.

मला हसू आलं.
अख्खं बेटच कुणाच्या तरी मुलीबरोबर आंदण गेलेलं,
मिठागरं, कोळीवाडे, भंडाऱ्यांच्या ताडीसकट,
आणि ते नेमकं कुठे आहे हे घेणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं.
मग कंपनीला भाड्याने. वर्षाला दहा पौंड.
हातातला हा चिमटा त्याहून महाग असेल.

मनवेल वसईचा. खळ ढवळता ढवळता म्हणतो,
आमचे आत्मे तारायला आले
आणि पहिल्याच दिवशी माड मोजले.

माझ्या लग्नाला वडिलांनी फंडातून कर्ज काढलं,
निवृत्त होईपर्यंत हप्ते फेडले.
कुणाचा किनारा नाही घेतला त्यांनी.
त्यांच्याकडे जहाज नव्हतं.
असतं तर? मी पान उलटलं.

पुढचं पान दुसऱ्या हस्ताक्षरात.
कै. थ्रेल यांच्या वस्तूंचा लिलाव:
दोन टोप केसांचे, तलवार एक, मद्य अर्धी पेटी,
मिरे एक थैली, खाजगी.
बायबल एक. गिऱ्हाईक नाही.

आणि समासात, बारीक अक्षरात, त्याच आठवड्याचं:
गोणी अंगावर पडून हमाल मेला, एक.
नुकसान, अर्धी गोणी.

तिथे कसर लागलेली नव्हती.
शाई काल भरल्यासारखी काळी.

रात्री भाच्याला म्हटलं, पाचवं कारण लिही: कसर.
म्हणजे किडा?
किडाही. घरातली तूटही.
आणि जुन्या बोलीत व्याजालाही तेच म्हणत,
तूट त्यांची, व्याज आपल्याकडून.
तो गप्प. मग म्हणाला,
गाइडात नाही, गुण देणार नाहीत.
मग कच्चा माल दोनदा लिही, म्हटलं, आणि झोप.

आमच्या कामाचा नियम असा:
भोक झाकायचं, अक्षर भरायचं नाही.
सकाळी जुडिथच्या हुंड्यावर जपानी कागद बसवला,
इतका पातळ की खालचं काहीच नसणं स्पष्ट दिसतं.
मग समासाकडे वळले.
तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.
तरी ब्रश बुडवला,
आणि खळ सुकेपर्यंत तसाच धरून बसले.