दुसरं पाणी

तीन वर्षांपूर्वी हे जंगल मीच कापलं.
केबिनमध्ये बसून, रेडिओ लावून,
एका झाडाला साधारण चाळीस सेकंद.

आता काइनूत मे उजाडलाय,
तळ्यावरचं बर्फ काळपट, कडेनं सुटलेलं,
आणि केर्तू माझ्या दारात:
रबरी बूट, भूर्जसालीची टोपली.
"तार्मो, तुझ्या यंत्राच्या चाकोऱ्या दाखव मला."
बाकी नमस्कार-चमत्कार काही नाही.

लाकूड तिच्या भावानं विकलं होतं.
ओसमो शहरात असतो, ती इथंच.
खिडकीतून जिथं पाइन दिसायचे
तिथून आता हमरस्ता दिसतो,
रात्री ट्रकांचे दिवे तिच्या छतावरून सरकत जातात.
हे तिनं नाही सांगितलं मला,
दुकानातल्या बाईनं सांगितलं.

मी पुढं, ती मागं.
बुंधे करडे पडलेत,
सालीखाली भुंगेऱ्यांनी नक्षी कोरलीय,
सावलीतल्या उतारावर मीठ सांडल्यागत बर्फ.
लांब कुठं क्रौंच ओरडतात,
बिजागरीला तेल नसल्यासारखे.
मला वाटतं, आता काहीतरी बोलावं.
बोलत नाही.

"ही बघ."
माझ्याच चाकानं ओरबाडलेल्या वाळूत,
शेवाळ उलटून मातीचं पोट उघडं पडलेलं,
तिथंच
तपकिरी, सुरकुतलेली, ओलसर,
कवटीतून काढून ठेवलेला लहानसा मेंदू जणू.
आमच्याकडे या अळंबीला कान म्हणतात.
का, ते मी कुणाला विचारलं नाही कधी.
"उभ्या जंगलात शोधून मिळत नाही," केर्तू म्हणाली,
"जमीन कुणीतरी उकरावी लागते."
बटाट्याचा भाव सांगावा, तसं म्हणाली.

मी सुरीनं देठ कापत गेलो,
ती बोटांनी माती झटकत गेली.
एकीच्या घडीत गोगलगाय निघाली.
केर्तूनं ती उचलून बुंध्यावर ठेवली,
पाहुणीला पाट द्यावा तशी.

कच्ची ही विष आहे.
पोरांना आम्ही चालायला शिकवतो
त्याच्या पाठोपाठ हे शिकवतो.
तरी खातो.
तिच्या स्वयंपाकघरात खिडक्या सताड उघड्या,
वाफसुद्धा बरी नव्हे.
पहिलं पाणी मातकट निघालं,
तिनं ते विहिरीपासून लांब नेऊन ओतलं,
अळंब्या खळाखळा धुतल्या.
दुसऱ्या पाण्याचं पातेलं उचललं
तेवढ्यात फोन वाजला. ओसमो.
ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं.
मला भिंतीतून ऐकू येऊ नये
म्हणून मी लाकडं आणायला गेलो.

परतलो तेव्हा तव्यावर लोणी होतं, कांदा होता,
आणि त्या होत्याच.
मी किती वेळ बाहेर होतो?
दुसरं पाणी झालं का?
विचारायचं कसं?
विचारलं तर विचारल्यासारखं होईल.

तिनं आधी मला वाढलं.
सायीत दाट झालेलं, काळ्या पावावर.
"खिडकीसमोरची ती दोन झाडं," मी म्हणालो,
"त्यांना खूण नव्हती. कागदावरही नव्हती.
वळताना आडवी येत होती, म्हणून."

"माहीत आहे. तीन होती."

मग तिनं आपलं ताट ओढलं,
एक घास घेतला,
मीठ कमी पडलं म्हणाली.

मी खाल्लं. सगळं.
पाव फिरवून ताट पुसून घेतलं.
घरी येऊन रात्रभर
पोटाकडं कान लावून पडलो होतो.
सकाळ झाली. काही झालं नव्हतं.

"पुढच्या वर्षी फारशा येणार नाहीत,"
निघताना ती म्हणाली होती,
"गवत वाढलं की ह्या जातात."

सुरी तिथंच राहिलीय माझी, ओट्यावर.
आणायला जायला हवं.