समासातली पेन्सिल

बुधवारी संध्याकाळी सहा ते नऊ.
सेंट जॉन्सच्या टेकडीवर विद्यापीठ, खोली दोनशे सात,
बाहेर धुकं इतकं, की खाली बंदर आहे
हे भोंग्यावरूनच मानायचं.

नऊ विद्यार्थी, एक लांब टेबल,
आणि मी, फिलोमिना कीओ. दोन कादंबऱ्या नावावर,
तिसरी अकरा वर्षं खोक्यात.
हे शेवटचं मी त्यांना सांगत नाही.
सांगते ते असं: विशेषणं काढा.
धुक्याला दुःखी करू नका.
शेवटचं वाक्य बहुतेकदा तुमच्या भीतीने लिहिलेलं असतं,
ते खोडा.
आठ जणं विशीतली. भराभर लिहून घेतात.
एकीच्या कथांत आजवर सात माणसं मेली,
एकही जेवलं नाही.

नववा लिअँडर पाइक, वय एकसष्ट.
कारखान्यात कॉड कापून कापून
डाव्या हाताची दोन बोटं वाकतच नाहीत.
त्याची गोष्ट अडीच पानांची,
मासेमारी बंद झाली त्या जुलैची:
रेडिओवर मंत्री बोलतो,
बाप रेडिओ बंद करतो,
अंगणात जाळं पसरून
फाटलेला एकेक आस सांधत बसतो
पहाटे निघायचं असल्यासारखा.
आणि तळाशी: मग बाबा रडले.

मी पेन्सिल फिरवली.
म्हटलं, जाळ्यातच सगळं आलंय, लिअँडर,
रडणं वाचकावर सोपवा.
आठही माना हलल्या. किती बरोबर होतं ते!
त्याने कागदाची घडी घातली.
"असेल, बाई. पण रडले ते.
जन्मात एकदाच. आणि तिथे वाचक नव्हता,
मी होतो."

हीटर टकटकत राहिला.
मग आम्ही पुढच्या कथेकडे वळलो.
आठवं माणूस मेलं.

घरी येऊन पलंगाखालचं खोकं ओढलं.
पान एकशे बारा. आई
इस्पितळाच्या खिडकीशी केस विंचरतेय,
त्यापुढे एक वाक्य होतं.
इतकं घासून खोडलंय, की कागद झिजलाय,
दिव्यासमोर धरला तर बल्ब दिसतो.
मला पाठ आहे ते. पाच शब्द.
कुठल्याही विद्यार्थ्याचं मी चालवून घेतलं नसतं.

पुढच्या बुधवारी लिअँडर आला नाही.
त्यापुढच्या आला, बेकअ‍ॅपलच्या जॅमची बरणी घेऊन,
दलदलीत स्वतः वेचलेली फळं.
माझ्याकडच्या प्रतीवर मी रेघेखाली ठिपके दिले होते,
समासात लिहिलं होतं: राहू दे.
त्याने चष्मा लावून वाचलं.
"आता ते तिथे नाही," म्हणाला.
"अगदी वर नेलंय. पहिलीच ओळ.
बाबा रडले. मग रेडिओ, मग जाळं."

हे मला सुचलं नव्हतं.

बरणीचं झाकण त्याच्या बोटांना दाद देईना.
मी घेतली, टेबलाच्या कडेवर ठोकली,
उघडली.