पन्नास हर्ट्झ

गावाकडं विचारतात, म्हंजी तू डॉक्टर का इंजिनिअर?
मी म्हणते, दोघांच्या मधली भिंत.
आत्या म्हणते, भिंतीला स्थळ कुठून आणायचं?

विष्णुपुरीच्या लॅबमध्ये
पाचव्या सेमिस्टरचा ईसीजी अडकलाय.
ब्रेडबोर्डवर माझं सर्किट,
स्टुलावर नागोराव, लॅब अटेंडंट, वय छप्पन्न,
बाह्या सारून, चप्पल काढून,
मनगटांवर जेल, "थंडगार हाय की गं हे,"
आणि स्क्रीनवर त्यांच्या काळजाऐवजी
पन्नास हर्ट्झ.
ट्यूबलाइटचे, पंख्याचे, भिंतीतल्या वायरींचे,
परळीहून आलेल्या विजेचे.

पुस्तकात लिहिलंय: शरीर हा अँटेना आहे.
हे मला पुस्तकाच्या आधीपासून माहीत होतं.
लोह्याला अण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान,
तिथली घरघर अंगावर घेऊनच ते रात्री घरी यायचे,
वरणाच्या वाटीला हात लावला
की वरणही बारीक थरथरायचं.
तांब्याचे वेढे मोजता मोजता
मी पाढे शिकले.

फिल्टर बदलला. उजव्या पायाची वायर बदलली.
फरहीन म्हणाली, सबमिशन बुधवारी आहे,
कुणाचाही आलेख चिकटव.
मी ऐकलं नाही असं नाही,
सीनियरची फाइल उघडूनही ठेवली होती.

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा रेंगाळत थांबला.
लॅपटॉप बॅटरीवर, सर्किट नऊ व्होल्टच्या सेलवर,
आणि अंधारात एकदम
टेकडी, सुळका, टेकडी.
टेकडी, सुळका, टेकडी.
नागोराव, हे तुम्ही.

ते वाकून बघत राहिले.
"एवढंसंच? आन् एवढ्यावर
तीस वर्सं बेंच उचलालोय मी?"

मग एक सुळका लवकर आला,
रुंद, वेडावाकडा,
आणि त्याच्यामागं लांब सपाट जागा.
फरहीननं माझ्याकडं पाहिलं.
मी वायर पाहिली.
वायर घट्ट होती.

"काय दिसालंय?"

आमच्या सिलॅबसमध्ये ह्याचं उत्तर नाही.
रेघ स्वच्छ करायची, एवढंच आमचं.
वाचणं रस्त्यापलीकडचं, मेडिकलचं.
मी म्हणाले, चप्पल घाला.

लाइट आली तेव्हा आम्ही तिघं रस्त्यात होतो.
मागं लॅबमध्ये सगळे पंखे एकदम सुरू झाले असणार.
त्यांच्या मनगटावरचं जेल अजून वाळलं नव्हतं,
आणि तेच मला समजावत होते,
"कायी नसतंय पोरी,
आज सकाळपासून
च्या लई झाला."