राईट फील्ड

जिच्या हातात चेंडू थांबत नाही
तिला राईट फील्डला उभं करतात.
हे मला कुणी सांगितलं नाही.
पगारे सरांनी नुसतं बोट दाखवलं
मैदानाच्या त्या टोकाकडे,
जिथलं गवत कापायचं दर वेळी राहून जातं
आणि कुंपणापलीकडे सातपूरचे टेम्पो
रिव्हर्स घेताना गाणं म्हणतात.

जुलैत आम्ही अकरा जणी, ग्लोव्ह सहा.
बॅट एक, ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली.
चेंडू लागला की डब्याचं झाकण
फरशीवर पडल्यासारखी वाजायची.
मागची जाळी कावेरीच्या मामांची,
दिंडोरीच्या बागेत गारांसाठी घेतलेली.
तिच्यात द्राक्षाचं एक वाळकं पान अडकलं होतं.
मोसमभर तिथेच राहिलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, क्रिकेट का नाही?
आई म्हणाली, दहावीला गुण मिळतात ना?
बाबा अंबडहून रात्रपाळी करून आले,
बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
चार बेस पळून परत घरच्याच बेसला यायचं,
तर मग निघायचं कशाला?
मला उत्तर आलं नाही.

नऊ जणींना सहा ग्लोव्ह पुरत नाहीत.
पण कुणालाच पुरत नाहीत, हे बरं.
तिसरी बाद झाली की
पळता पळता ग्लोव्ह जागेवर टाकायचा,
समोरच्या संघातली मुलगी येते, तोच उचलते.
देवळालीच्या ग्लोव्हवर निळ्या पेनाने लिहिलं होतं:
प्राजक्ता, ९ ब.
तिचा चेहरा मी नीट पाहिलाच नाही.
तिच्या घामात मात्र दोन तास हात घालून उभी होते.

शहराच्या स्पर्धेला पाच संघ,
त्यातला एक रस्ता चुकला.
म्हणून आम्ही थेट उपांत्य फेरीत.
जिल्ह्याची फायनल भाग्यश्रीच्या खांद्याने जिंकली:
तिन्ही बेस भरलेले, चेंडू येऊन तिच्या खांद्यावर आदळला,
पंचांनी पहिल्या बेसकडे हात केला
आणि तिसऱ्यावरची उज्मा चालत चालत घरी आली.
भाग्यश्री रडत होती.
आम्हाला वाटलं, आनंदाने.

मग विभागाला नंदुरबार.
लाल एसटी, साक्रीला वडापाव,
कुठल्या तरी शाळेच्या सातवी अ मध्ये बाकं जोडून झोप.
फळ्यावर कुणाचं तरी त्रैराशिक अर्धं राहिलेलं,
उज्माने रात्री ते सोडवून टाकलं.

शेवटचा डाव, दोन्हीकडे चार-चार.
एकच बाद, त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर.
आणि जुलैपासून पहिल्यांदा
चेंडू माझ्याकडे निघाला.
उंच. इतका उंच, की मला वेळ मिळाला
घाबरायला, मग कंटाळायला, मग परत घाबरायला.
हात वर केला. ग्लोव्ह त्यांचाच होता.
थप्प.

मी चेंडूकडे बघत राहिले.
तो थांबला होता.
सगळ्या ओरडत होत्या, मला वाटलं शाबासकी.
टाक! टाक! फेक ना गं!
झेल होईपर्यंत तिसऱ्यावरची मुलगी पाय रोवून थांबली होती,
झाला तशी सुटली,
आणि मी अजून चेंडूच बघत होते
तोवर घरी पोचलीसुद्धा.

पाच-चार.

ग्लोव्हची मालकीण ग्लोव्ह न्यायला आली,
त्यात चेंडू तसाच.
झेल मस्त होता, म्हणाली, आणि लाजली.
जिंकल्याबद्दल बहुतेक.

परतीच्या गाडीत सरांनी स्कोअरशीट दाखवली.
बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला आकडा असतो,
राईट फील्डचा नऊ.
सगळ्या कागदांवर मिळून नऊ एकदाच आला,
शेवटच्या पानावर, पेन्सिलीने.

मी तो कागद बाबांना दाखवला.
त्यांनी उलटा धरला, सरळ धरला,
हा नऊ कोण, विचारलं.
नंतर, ती पोरगी थांबली का होती मध्येच?
मी ताटलीत चार चमचे मांडले
आणि सांगायला बसले.