जुजबंदी

मे महिना. दुपारचे दोन.
मोमीनपुऱ्यात कुत्रंसुद्धा कूलरच्या गळक्या पाण्याखाली झोपलेलं.
ती आली, तोंडाला दुपट्टा घट्ट बांधून, डोळे तेवढे उघडे,
आणि काउंटरवर सात वह्या ठेवल्या, सुतळीनं आवळलेल्या.
"आजोबांच्या आहेत. बॅरिस्टर गोंडाणे.
सगळ्या मिळून एक पुस्तक करून द्या, इसाकभाई."

नाव ऐकून होतो. अब्बा सांगायचे,
देशाची घटना लिहिली जात होती तेव्हा
हा माणूस संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर उभा राहून
लोकांना कलमं समजावून सांगायचा, भोंग्याशिवाय,
आणि कोणी टाळी वाजवली की थांबायचा.
म्हणायचा, टाळी ठेव बाप्पा घरी. शंका आण.

गिऱ्हाइकाच्या वह्या मी वाचत नाही.
पण टाके उसवताना पान डोळ्यांपुढून जातंच.
पहिल्या वहीत, जांभळ्या शाईत:
"राजा वाईट निघेल म्हणून घटना लिहायची नसते.
राजा चांगला निघेल, आपला जीव त्याच्यावर जडेल
आणि हिशेब मागायला आपल्याला लाज वाटेल,
त्या दिवसासाठी लिहायची."
त्याखाली दुधाचा हिशेब. साडेचार आणे बाकी.

तिसऱ्या वहीत:
"सरकार दारापर्यंत येईल. येऊ द्या.
कडी आतून असली म्हणजे झालं."
आणि समासात, बारीक:
"शेजाऱ्याला न आवडणारं बोलून
रात्री गच्चीवर गाढ झोपता येणं, बस, एवढंच.
याहून मोठी व्याख्या मला जमत नाही."

पाचव्या वहीत दोन पानं एकमेकांना चिकटलेली.
मैद्याची खळ, घरी शिजवलेली. हात घाईचा.
मी तिला फोन केला. ती आली, तिच्यासमोर केटलीच्या वाफेवर धरलं.
पान सुटलं हळूहळू, जखमेवरची पट्टी सुटते तसं.

"आज सभागृहात मी हात वर केला.
चौकशीशिवाय माणूस आत ठेवता येईल, तीन महिने.
म्हटलं, काळ कठीण आहे.
घरी आलो. जेवण व्यवस्थित गेलं.
त्याचंच भय वाटतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "हे पान काढून टाका.
चौकाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय."

मी तिला जुज दाखवला.
चार कागद, मधोमध दुमडलेले, एकात एक. आठ पानं.
हे तिसरं पान, ताई. याचा जोडीदार सहावा,
घडीच्या त्या बाजूला, एकाच कागदाचा.
तिसरं फाडलं की सहावं मोकळं होतं.
आज पडणार नाही. उद्याही नाही.
कोणीतरी कधीतरी उघडेल, आणि भलतंच पान हातात येईल.
"सहाव्यावर काय आहे?" तिनं विचारलं.
दोघांनी मिळून पाहिलं:
"आरोपी कोणीही असो,
त्याचं म्हणणं ऐकल्यावाचून निकाल नाही."

माझा धाकटा भाऊ, युनूस, एकदा तीन महिने आत होता.
कोणत्या कलमाखाली, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.
अब्बा रोज कचेरीच्या पायरीवर बसत, हातात टिफिन.
हे मी तिला सांगितलं नाही.
सुईत दोरा ओवला, दोऱ्याला मेण लावलं.

"घट्ट बांधा," ती म्हणाली शेवटी, "सगळं घेऊन."
घट्ट नाही बांधत, मी म्हणालो.
घट्ट बांधलेलं पुस्तक कपाटात शोभतं,
टेबलावर उघडं राहत नाही, आपोआप मिटतं.
पाठीत थोडी ढील ठेवावी लागते.

ती गेली. लाइटही गेली.
अंधारातच सात वह्यांचा गठ्ठा दाबाखाली घातला,
वर अब्बांच्या वेळच्या दोन विटा.
खळ वाळायला रात्र लागते.
पुठ्ठ्यावर नाव कोणतं घालायचं,
ते विचारायचं राहिलंच.