मुकादम साऊंड सर्व्हिस, माझगाव

शोकसभेला बारा भोंगे लागतील, म्हणाली
दोन पोरं, गळ्यात पक्षाचा गमछा.
तोरसकर साहेब गेले, मैदान भरणार.
मी म्हटलं, चार पुरतील.
म्हातारा कंजूष झाला, असं एकमेकांकडे बघत हसली.

त्यांना काय ठाऊक,
गोदीच्या संपात हरिश्चंद्र तोरसकर पहिल्यांदा बोलला
तो माझ्या बापाच्या एका भोंग्यावर,
तोही गळक्या बॅटरीचा.
सुरुवातीला अंगठीने माईकवर दोनदा टक टक,
मग मालवणी हेल,
आणि वाक्याच्या शेवटी हातोडा पडावा तसा : 'की नाय?'

पुढे आमदार झाला, दिल्लीला गेला, लाल दिवा आला.
'अरे हरी'चं 'साहेब' झालं.
भोंगे वाढत गेले, दोन, आठ, चोवीस.
दुकानही वाढलं, खोटं कशाला बोलू,
घोडपदेवला गोडाऊन घेतलं, बहिणींची लग्नं केली.

त्या ऑक्टोबरातल्या सभेत साहेब काय बोलले
ते मी सांगणार नाही.
एकच वाक्य होतं. टाळ्या दीड मिनिट.
मी कडेला बसून ट्रेबल नीट करत होतो.
साडेअकराला कौलाच्या चाळीमागची गल्ली पेटली.
सात माणसं.
त्यात माझ्या मावशीचा जमाल,
दुपारी खांबावर चढून
ज्याने माझी वायर ओढली होती.

आवाज त्यांचा, भोंगे माझे.

चौथ्या दिवशी साहेब आले, गाडी लांब ठेवून, चालत.
त्या सभेची टेप आहे का?
होती. मी सगळ्या सभांच्या ठेवायचो.
शटर अर्धं ओढून त्यांनी ऐकली.
मागे घे, म्हणाले. परत.
मागे घे.
चहावर साय धरली.
'हा मी?'
मशीन खोटं बोलत नाही, साहेब.
जमालचं नाव मी काढलं नाही.
त्यांनीच काढलं.

राजीनाम्याला लोक नाटक म्हणाले. मीही म्हणालो.
नंतरची वीस वर्षं मात्र
जिथे कुणी जात नव्हतं तिथे माणूस गेला,
डोंगरातल्या बंदूकवाल्यांकडे, सीमेवरच्या गावांत,
पुन्हा सरकारच्या दारात, तासन्‌तास बाकड्यावर.
एक करार टिकला. एक अकरा महिन्यांत फाटला.
एकदा दोन्ही बाजूंनी मिळून त्यांनाच शिव्या घातल्या,
तेव्हा म्हणाले, चला, एकमत तरी झालं.

त्यांच्या खोलीत मी एकदा होतो, मे महिन्यात.
पंखा बंद,
कारण पंख्याच्या घरघरीत
हळू बोलणाऱ्याचं बोलणं बुडतं.
टेबलाच्या या अंगाला ज्याचा भाऊ मेला तो,
त्या अंगाला मारणाऱ्याचा बाप,
मधे नानकटाईची बशी, कुणी हात न लावलेली.
साहेबांनी अंगठीने टेबलावर दोनदा वाजवलं
आणि दीड तास
काही बोललेच नाहीत.
खोकलासुद्धा गिळत होते.

तू माफ केलंस का रे, मावशी विचारायची.
तिचं स्वतःचं वेगळंच चाललेलं.
दर ईदला साहेब तिच्या दारात उभे,
ती चहा द्यायची, बसा म्हणायची नाही.
पंधराव्या वर्षी खुर्ची सरकवली.
पायाने.

संध्याकाळी चारच भोंगे बांधले.
हार, अगरबत्त्या, फोटोत साहेब तरुण, मूठ वळलेली.
म्हातारपणचा फोटो कुणाकडे नव्हता म्हणे.
एक नवा पुढारी उठला,
माईकवर टक टक केली
आणि साहेबांची आठवण म्हणून
त्या ऑक्टोबरातलंच वाक्य उचललं.

मी खटका हळूच खाली आणला.
सात, पाच, तीन.

मागून कुणी ओरडलं,
ओ मुकादम, मागे काय ऐकू येत नाही!

म्हटलं, मग पुढे सरका.