पोटातला गोल

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
मष्णू चौगुले अक्षरं कापायचा.
पत्र्यावर खडूनं आखलेलं नाव, नावातून छिन्नी,
छिद्रांवरून काळा रंग,
आणि खोक्यावर देश.
बहुतेक जर्मनी. कधीमधी इटली.
वीस वर्षं तेच दोन पत्रे,
कडा रंगानं जाड झालेल्या.

मग एका मार्चमध्ये ऑर्डर आली, लेसोथोची.
"ह्यो कुठला तालुका?"
मी पॅकिंगचा कारकून, मला तरी कुठं ठाऊक.
लेकीचा ॲटलास डब्याच्या पिशवीतून आणला,
भाकरी एका हातात, बोट नकाशावर:
चारी बाजूंनी एकच दुसरा देश,
मध्ये हा, अख्खाच्या अख्खा डोंगरावर.
त्याची सगळ्यात सखल जागासुद्धा
आपल्या बेळगावच्या जवळजवळ दुप्पट उंच.

मष्णूनं नाव कापलं आणि मला बोलावलं.
"हा इंग्रजी ओ बगा साहेब.
सगळा कापला की पोटातला गोल गळून पडतोय.
म्हणून दोन बाजूला दोन पूल सोडायचे, बारके.
ह्या तुमच्या देशाला कुणी धरलंय?"

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत
मी वाचायचो, तो चावायचा.

नाउरूला अधिकृत राजधानीच नाही.
"मग मोर्चा कुठं न्यायचा?"

तुवालूत विमानाच्या धावपट्टीवर संध्याकाळी पोरं खेळतात,
भोंगा वाजला की बाजूला होतात.
"म्हंजे आपलं तिसरं गेट."

पॅराग्वेच्या झेंड्यावर
एका बाजूला एक चित्र, उलट्या बाजूला दुसरंच.
यावर तो चावायचा थांबला.
शेडच्या दाराकडे बघून हळूच म्हणाला,
"हे हितं मोठ्यानं सांगू नका."

किरिबाटी असं लिहितात, म्हणतात किरिबास.
"त्यात काय नवीन?"
त्यानं पायानं भिंतीकडचे दोन पत्रे दाखवले,
गावाचं जुनं स्पेलिंग, गावाचं नवं स्पेलिंग.
पत्ता तोच, पिनकोड तोच.
त्याच देशाच्या पोटातून वाराची रेघ जायची,
अर्ध्या बेटांवर सोमवार, अर्ध्यांवर रविवार.
"एका देशात दोन तारखा! हितं एका खटल्याला
किती झाल्या, मोजा."
पुढं त्यांनी ती रेघच वाकवली, मी सांगितलं,
सगळी बेटं एका वारात घेतली.
"वाकतीय?"
दुपारभर तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तारेवर नवा पत्रा लटकत होता: किरिबाटी.
तिकडं आपलं एक नटबोल्टसुद्धा जात नाही.
"जाईत न्हाई खरं," तो म्हणाला, "नाव तयार असावं."
मग नाउरू टांगला, तुवालू टांगला.
वारा आला की देश एकमेकांवर वाजायचे.

शेवटी मी त्याला ते गाव सांगितलं, बार्ले,
निम्मं बेल्जियम, निम्मं नेदरलँड्स, तेही तुकड्या-तुकड्यांनी.
रेघ घरांतून जाते, हॉटेलांतून जाते.
घर कुठल्या देशाचं? पुढचं दार ज्या देशात उघडेल त्याचं.
दार हलवून देश बदललेले लोकही आहेत म्हणे.
मष्णू इतका हसला की ठसका लागला.
"आमचं पुढचं दार मराठी, मागचं कानडी,
गंगव्वा बैलहोंगलची नव्हं.
म्हस तेवढी मागनं येतीय.
ती कुठल्या देशाची म्हणायची?"

रिटायर झाल्यावर त्याच्याकडे गेलो, अनगोळला.
अंगणात बिस्किटांचा डबा उघडा,
आत वीस वर्षांत गळून पडलेले गोल,
ओचे, एचे, बीच्या दोन-दोन टिकल्या.
कशाला जपले, मी विचारलं नाही.
मांडीवर पत्रा होता, दारावर लावायचं नाव,
वर मराठीत, खाली कानडीत.
मराठी कापून झालं होतं.
"कानडीत पोटं लई, साहेब.
पूल जास्ती लागत्यात."

मागच्या दारातून गंगव्वानं कानडीत हाक मारली.
"आलो," तो मराठीत म्हणाला,
आणि एका पुलाची कड
कानशीनं घासत तसाच बसून राहिला.